तळ्याची मंडई आणि वारशाची यादी

कोल्हापूरचा माणूस ‘कपिलतीर्थाला जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा तो तीर्थस्नानाला निघालेला नसतो. हातात पिशवी घेऊन भाजी आणायला निघालेला असतो. एके काळी तेथे तळे होते, आज मंडई आहे. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानावर पाणी साचून राहते. माणसे विसरली, तरी पाणी आपली जुनी जागा विसरलेले नाही!

ही तळी कोणी दुष्टबुद्धीने बुजवली, असे मी म्हणणार नाही. वस्ती वाढली, जागा हवी झाली, आणि ‘थांबा’ म्हणणारा नियम कोणाच्या हाती नव्हता. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी केंद्राचा 1958 चा कायदा आहे. परंतु गावातले नाटकगृह, जुना वाडा, तळ्याचा काठ यांना त्याची सावली सहसा पोहोचत नाही. तेथे नगररचनेचाच आधार घ्यावा लागतो. महाराष्ट्राचा नगररचना अधिनियम 1966 सालचा. मुंबईने 1995 साली त्याच्या आधाराने वारसा-नियमावली केली, आणि पुढे इतर शहरांनी तो मार्ग धरला.

नियमावलीचे तत्त्व दिवाळीत माळा आवरणाऱ्या गृहिणीला लगेच पटेल. मोडीत काय घालायचे आणि घासूनपुसून काय ठेवायचे, हे आधी ठरवायचे. जपण्याजोग्या वास्तूंची यादी करायची, तिच्यावर लोकांच्या हरकती ऐकायच्या, आणि महत्त्वाप्रमाणे तीन श्रेणी लावायच्या. पहिल्या श्रेणीत जवळजवळ हात लावायचा नाही. खालच्या श्रेणींत वारसा समितीच्या सल्ल्याने बदल करता येतात. मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून त्याचा बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरू देण्याची सोयही मुंबईच्या नियमांत आहे.

ही शेवटची गोष्ट किरकोळ नव्हे. मंगळवार पेठेतल्या जयप्रभा स्टुडिओचे उदाहरण घ्या. मूळची ही कोल्हापूर सिनेटोन. ती भालजी पेंढारकरांकडे आली, 1948 च्या जाळपोळीत भस्म झाली आणि भालजींनी पुन्हा उभी केली. पुढे मालकी लता मंगेशकरांकडे गेली. वास्तू वारसा यादीत आली, तेव्हा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. जागा 2020 साली विकली गेल्याचे 2022 च्या फेब्रुवारीत उघड झाले, तेव्हा कलावंत आंदोलनाला बसले. मालकाचा हक्क खरा, आणि गावाची आठवणही खरी. या दोहोंत तोल सांभाळणे हेच नियमाचे काम. आठवण साऱ्या गावाची आणि तिचा खर्च मात्र एकट्या मालकाचा, हा न्याय टिकणारा नव्हे.

तथापि नियमाचा हात किती तोकडा असतो, तेही कोल्हापूरनेच पाहिले. शाहू महाराज 1902 साली विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली, असे सांगतात. कुस्तीचे ते मैदान 1912 साली झाले आणि त्याला लागूनच 1915 साली पॅलेस थिएटर उभे राहिले. मल्ल आणि नट यांना एकाच आवारात शेजारी बसवणारी ही त्या राजाची नगररचनाच होती! नाट्यगृहाला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री त्याला आग लागली. उजाडता दिवस केशवरावांच्या जयंतीचा होता. छप्पर, रंगमंच, खुर्च्या सारे गेले. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. वास्तू होती तशीच पुन्हा उभारू, असे शासनाने जाहीर केले.

यादी कुदळीला अडवते, ठिणगीला अडवीत नाही. विजेच्या तारा तपासणे, कौले शाकारणे, पाण्याची टाकी भरलेली ठेवणे ही कामे यादीनंतरची, आणि ती दर वर्षाची. शिवाय जपायचे ते एकटे नाट्यगृह नव्हे. मैदान, नाट्यगृह आणि त्यांच्यामधली मोकळी जागा मिळून ती वास्तू होते. एक सुटे काढले तर दुसऱ्याचा अर्थ जातो.

जवळचा पन्हाळा 11 जुलै 2025 रोजी मराठ्यांच्या इतर 11 किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत गेला, त्याचा आनंद आपण केला. पण पन्हाळ्यावर घरे आहेत, शाळा आहेत, नगर परिषद आहे. पॅरिसमध्ये झालेला ठराव पाळायचा तो तिथल्या साध्या बांधकाम-परवान्यात.

म्हणून माझे सांगणे इतकेच. आपल्या गावाचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती आणि सूचना मागवतात. आपण तिकडे फिरकत नाही आणि मागाहून हळहळतो. पुढच्या वेळी जाऊन नकाशा पाहावा, आपले तळे, आपला घाट, आपली तालीम त्यात कोणत्या रंगाने दाखवली आहे ते विचारावे, आणि मुदतीच्या आत एक अर्ज द्यावा. कपिलतीर्थासाठी तसा अर्ज आता देता येणार नाही. रंकाळ्यासाठी अजून देता येईल.