वरातीचं गाणं मोबाईलवर टाकताय? आधी हे वाचा

वरातीत डीजेवर गाणं वाजवायला कॉपीराइटची अडचण नाही. १९५७ च्या कायद्यात कलम ५२ खाली लग्न आणि धार्मिक विधींना तशी सूटच आहे. पण त्याच वरातीचा व्हिडिओ गाण्यासकट यूट्यूबवर चढवला की ही सूट कामाला येत नाही. ‘आम्ही कुठं पैसे कमावतोय’ म्हणून सुटका होत नाही. कमाई नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, एवढंच. एरवी जाणूनबुजून केलं असेल तर कलम ६३ प्रमाणे ६ महिने ते ३ वर्षं कैद, शिवाय ५० हजार ते २ लाख दंड.

जुनं गाणं म्हणजे फुकट, असंही नाही. रेकॉर्डवरचा हक्क ६० वर्षांनी संपतो, गीतकाराचा मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. गदिमा १९७७ साली गेले. त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क आहे. ग्रुपवर गाणं पाठवायचंच तर अधिकृत चॅनेलची लिंक पाठवा, एमपीथ्री फाईल नको.