चांदीच्या पाटीवर न मावलेले

मानाची भेट म्हणून दिलेल्या वस्तूवर बहुधा चार शब्द कोरलेले असतात. वस्तू पाहणारे वस्तू पाहतात आणि तो मजकूर सोडून देतात. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र आधी मजकूर वाचावा, असे मला वाटते. जिम कॉर्बेटच्या .२७५ रिग्बी रायफलच्या दस्त्यावर अशी एक छोटी चांदीची पाटी आहे. १९०७ साली चंपावत येथे नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेट यांस ही रायफल दिली, असा त्या पाटीचा आशय. दाता, प्रतिग्रहीता, निमित्त, स्थळ, साल. उत्तर कोकणातल्या शिलाहारांचे दानलेख ज्यांनी वाचले आहेत त्यांना हा सांगाडा ओळखीचा वाटेल. दान मोडणाऱ्याला दिलेली शापवाणी तेवढी इथे नाही.

गेली काही वर्षे मी जव्हारला मराठी शिकवतो. शिकारकथेवर बोलताना कॉर्बेटचे नाव टाळता येत नाही, आणि कॉर्बेट आला की ही रायफल येतेच. वस्तू म्हणून ती कौतुकास्पद आहे हे आधीच कबूल करतो. पॉल माऊझर या जर्मन कारागिराने १८९८ साली पूर्णत्वास नेलेली रचना तिच्या पोटात आहे. दाराच्या कडीसारखी मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची आणि खाली दाबायची. मागे ओढताना एक लांब पोलादी नखी रिकामे काडतूस धरून बाहेर फेकते. पुढे ढकलताना तीच नखी नव्या काडतुसाची कड पकडून त्याला नळीत नेते. मूठ खाली दाबली की पुढचे दोन दात खाचेत फिरून घट्ट बसतात आणि स्फोटाचा सारा जोर ते पेलतात. घाईत, भीतीत, थंडीने बोटे बधिर झालेली असतानाही काडतूस अडकू नये, यासाठी केलेला हा विचार आहे. लंडनच्या रिग्बी कंपनीने त्याला शिकारीसाठी हलका, सुबक देह दिला. गंमत अशी की .२७५ रिग्बी हे काडतूस म्हणजे मुळात ७ मिलिमीटर माऊझर. दक्षिण आफ्रिकेतल्या १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांनी हेच काडतूस वापरून इंग्रज फौजेला जेरीस आणले होते. पुढे काही वर्षांतच ते इंग्रजी नाव आणि इंग्रजी इंचांचे माप धारण करून साहेबाच्या खांद्यावर विराजमान झाले.

आता ज्या शिकारीबद्दल ही भेट मिळाली ती शिकार पाहू. ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ हे पुस्तक १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रथम प्रसिद्ध केले. त्यातली चंपावतची कथा अनेकांनी वाचलेली असते, पण तिच्यातल्या बंदुकांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ४३६ माणसे मारलेल्या त्या वाघिणीवर हाका घालण्यासाठी चंपावतच्या तहसीलदाराने माणसे गोळा केली. मोजली तेव्हा ती २९८ भरली. आणि माणसे यावीत म्हणून त्याने काय केले? विनापरवाना बंदुकांकडे आपण डोळेझाक करू, लागल्यास दारूगोळाही पुरवू, असे त्याने कळवून टाकले. त्या दिवशी बाहेर आलेल्या हत्यारांनी एखादे संग्रहालय सजले असते, असे कॉर्बेट मिस्कीलपणे नोंदवतो.

मला हे वाक्य मिस्कील वाटत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला आणि युरोपियनांना मोकळीक दिली. मद्रासच्या १८८७ च्या अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला होता, आणि वर्णभेदाची ही तरतूद जायला पहिले महायुद्ध संपावे लागले. म्हणजे चंपावतच्या डोंगरावर त्या दुपारी पावणेतीनशेहून अधिक माणसे उभी होती, आणि ज्यांच्या हातांत बंदुका होत्या त्यांतले कितीतरी कायद्याने गुन्हेगार होते. वाघिणीला खोऱ्यात उतरवले ते त्यांच्या आरोळ्यांनी आणि त्यांच्या गोळीबाराने.

शेवट तर आणखी बोलका आहे. कॉर्बेटपाशी मोजकी काडतुसे होती, ती संपली. वाघीण जखमी पण जिवंत. तो धावत तहसीलदाराकडे गेला, त्याची बंदूक हिसकावून परतला आणि जवळ गेल्यावर त्याच्या लक्षात आले की नळ्या आणि मागचा भाग यांच्यामध्ये चांगली दिसण्याइतकी फट आहे. बंदूक तोंडावर फुटण्याचा धोका पत्करून त्याने चाप ओढला. शेवटची गोळी सुटली ती या खिळखिळ्या, उसन्या बंदुकीतून. लंडनची रायफल त्यानंतर आली.

काही महिन्यांनी नैनितालला दरबार भरला. हेवेटसाहेबांनी तहसीलदाराला बंदूक दिली आणि वाघिणीने नेलेल्या मुलीच्या मागावर कॉर्बेटबरोबर गेलेल्या माणसाला शिकारीचा सुरा दिला. साहेबाला रायफल, कारकुनी हुद्द्याला बंदूक, गावकऱ्याला सुरा: हत्यारांची ही उतरंड आपल्याला वेगळी समजावून घ्यावी लागत नाही. ज्या जव्हारच्या मुकणे संस्थानिकांना इंग्रजांनी नऊ तोफांचा मान दिला, त्या गावात तर नाहीच. प्रतिष्ठा बार मोजून ठरवण्याची त्या राज्यकर्त्यांची पद्धतच होती.

कॉर्बेटच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. या कथेत तो बंदुकीचा आणि सुऱ्याचा उल्लेख करतो, दोन्ही आपापल्या घरांत पिढ्यानपिढ्या जपली जातील असेही म्हणतो. स्वतःला मिळालेल्या रायफलीचा मात्र तिथे उच्चार करत नाही. पाटीवर इतर कुणी नाहीत. कथेत पाटीच नाही. लेखक म्हणून त्याची ही सभ्यता मला त्याच्या नेमबाजीपेक्षा मोठी वाटते. तरीसुद्धा २९८ हा आकडा आकडाच राहतो.

हे सारे वर्गात सांगताना माझ्यासमोर जी मुले बसतात त्यांत वारली आहेत, कोकणा आहेत, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आहेत. जव्हार संस्थान होते, तर शेजारचा मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून थेट इंग्रजी अमलाखाली होता. १८७८ चा कायदा मोखाड्याला लागू होता. जव्हारला राजाची सत्ता. एकाच रानात, एका ओढ्याच्या दोन काठांवर, हत्यारांचे दोन कायदे. रानातल्या वाघाला अर्थातच त्याची खबर नव्हती. आणि वाघाशी व्यवहार करण्याची इथली रीतही निराळी. वाघबारसेला गावाच्या शिवेवरच्या वाघोबाला नैवेद्य दाखवायचा आणि वर्षभर गुराढोरांना, माणसांना सांभाळ म्हणून सांगायचे. हीसुद्धा भेटच, पण शिकाऱ्याला नव्हे, वाघाला दिलेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या दीडशे वाघोबांच्या स्थानांची नोंद आहे. आज इथे ‘वाघ’ म्हटले की बहुतेक वेळा बिबट्याच अभिप्रेत असतो, तरी देवाचे नाव बदललेले नाही.

कॉर्बेट १९४७ साली केनियाला गेला आणि १९५५ साली तिथेच वारला. रायफल त्याच्या प्रकाशकांकडे पोहोचली आणि कित्येक वर्षे तिथेच राहिली. २०१५ साली ती पुन्हा रिग्बी कंपनीने घेतली. पाटी अजून तिच्यावर आहे.

हा धडा शिकवून झाला तेव्हा मोखाड्याकडच्या एका मुलाने विचारले, “सर, हाका संपल्यावर त्या बंदुका परत लपवल्या असतील ना?” वर्गात थोडे हसू झाले. मी म्हटले, लपवल्याच असणार. तहसीलदाराने डोळे मिटले होते ते एका दिवसापुरते.