टेम्पो आला का?

ठाण्याच्या नौपाड्यातली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड हलवलं ते 1978 साली. त्या सकाळी आई किती वेळा गॅलरीत जाऊन आली याची गणती नाही. दर वेळी आतून आजीचा आवाज यायचा, "टेम्पो आला का गं?" ट्रंका, पाण्याचं पिंप, गाद्यांच्या वळकट्या, शिलाई मशीन, वर्तमानपत्रात गुंडाळलेले देव, सगळे दाराशी येऊन बसले होते. चहासुद्धा शेजारून आलेला. टेम्पो उगवला साडेदहाला.

तो तीन चाकांचा होता. पुढे एकच चाक, त्यावर चोचीसारखं निमुळतं तोंड, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. मला ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसवलं. बाबा मागे, कपाटाला हात टेकून. कळव्याचा पूल ओलांडून मुंब्र्याकडे निघालो तेव्हा इंजिनाची धग थेट नडग्यांना लागत होती आणि आवाजामुळे काका जे काही सांगत होते त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. शीळफाट्याला गाडी थंड करायला थांबलो. मागे वळून पाहिलं तर देवांची पेटी गादीवर सुखरूप, आणि आरशाच्या काचेला आडवा तडा. तो आरसा पुढे बारा वर्षं तसाच वापरला.

त्या गाडीच्या चोचीवर एक नाव होतं. ते वाचायचं वय होतं, अर्थ विचारायचं सुचलं नाही. टेम्पोला टेम्पो म्हणतात, जसं पाटाला पाट म्हणतात. हे कुणा कंपनीचं नाव असेल, तेही हॅम्बुर्गच्या, हे मला चाळिशीत कळलं.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये. 'टेम्पुस' म्हणजे काळ. इटलीत त्याचा 'टेम्पो' झाला आणि तिथून तो संगीतात लय म्हणून शिरला. जर्मन माणसाने तो घेतला तो वेग या अर्थाने. हॅम्बुर्ग परिसरात व्हिडाल आणि पुत्र नावाची पेढी होती. तिने 1928 साली छोट्या मालवाहू तीनचाकी काढायला सुरुवात केली आणि त्यांना नाव दिलं टेम्पो. तेव्हा जर्मनीत लहान इंजिनाच्या तीनचाकीला कर आणि परवाना यांत सवलत होती. बेकरीवाला, कोळसेवाला, भाजीवाला अशा, मोठी गाडी न परवडणाऱ्या माणसांसाठी ती गाडी होती. जाता जाता सांगण्यासारखं म्हणजे साधारण त्याच काळात, 1929 साली, जर्मनीतच दुसऱ्या एका कंपनीने कागदी रुमाल बाजारात आणले, त्यांचंही नाव टेम्पो. आज जर्मन माणसाला 'टेम्पो दे' म्हटलं तर तो खिशातून नाक पुसायचा कागद काढून देतो. आपल्याकडे त्याच शब्दावर कपाट चढवतात.

युद्धानंतर, 1949 च्या सुमारास, व्हिडालांनी जी तीनचाकी काढली तिचं नाव हॅन्सीट. हान्सा हा उत्तर युरोपातल्या व्यापारी बंदरांचा जुना संघ, हॅम्बुर्ग त्यातलं एक मोठं शहर. हॅन्सीट म्हणजे अशा बंदरातला प्रतिष्ठित व्यापारी. हे नाव घेऊन ती गाडी पुढे कल्याणच्या बाजारात उभी राहिली, हा योग मला भारी वाटतो. कल्याण स्वतःच दोन हजार वर्षांपूर्वीचं बंदर. ग्रीक खलाशाच्या पेरिप्लस या ग्रंथात त्याचं नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावं आहेत. एका बंदराचा शेठ दुसऱ्या बंदरात भाजीची पोती वाहायला आला.

तो आला नवलमल फिरोदियांमुळे. फिरोदिया अहमदनगरचे, वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. ऑटोरिक्षा भारतात आणण्याच्या खटपटीतही त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. 1958 साली व्हिडालांशी करार करून त्यांनी बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. सुरुवात मुंबईत गोरेगावला झाली, पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला. यातली गंमत तारखांत आहे. हॅम्बुर्गमध्ये हॅन्सीट बनवणं 1956 साली थांबलं होतं. घरी निवृत्त झालेली गाडी इथे नोकरीला लागली आणि जवळपास विसावं शतक संपेपर्यंत बनत राहिली.

ही गाडी इथे का रुजली, हे तिच्या बांधणीतच आहे. इंजिन, गिअर, साखळी सगळं पुढच्या एकाच चाकाला जोडलेलं. मागची दोन चाकं नुसती ओढली जायची. त्यामुळे मागे यंत्राचा काही पसारा नाही आणि हौदा जमिनीपासून बराच खाली. हमालाला पोतं खांद्यावरून उतरवून सरळ आत ढकलता येई. आणि पुढचं एकच चाक असल्यामुळे ती जागच्या जागी वळे. ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या किंवा कल्याणच्या पारनाक्याच्या बोळात गाडी घातलेल्या माणसाला या दोन गोष्टींची किंमत वेगळी सांगायला नको.

पण खरं कारण मला दुसरंच वाटतं. ते शब्दाच्या बाजूचं आहे.

टेम्पोच्या आधी परदेशी ट्रक आपल्याकडे आलेच नव्हते असं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी संधान बांधून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना काढला, आणि 1947 साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, फार्गो, डिसोटो. एकच ट्रक, तीन नावांच्या पाट्या. याच प्रीमियरचा दुसरा कारखाना आमच्याकडे कल्याण-शीळ रस्त्यावर होता. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो 309 ही फ्रेंच मोटार बनत होती, मग तोही बंद पडला. डोंबिवलीत 'प्रीमियर ग्राउंड' हा शब्द अजून आहे. पण डॉज आणि फार्गो मराठीत शिरले नाहीत. 'फार्गो मागव' असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही, कारण त्या जागी शब्द आधीच बसलेले होते. इंग्रजांची लॉरी होती, अमेरिकनांचा ट्रक होता. नव्या ट्रकला तीच नावं पुरली.

टेम्पोच्या जागी मात्र काहीच नव्हतं. एका टोकाला हातगाडी आणि बैलगाडी, दुसऱ्या टोकाला ट्रक. मधल्या मापाच्या मालाला ना गाडी होती ना नाव. आणि नेमक्या त्याच काळात मधल्या मापाचा माल निर्माण होऊ लागला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं, ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली, मग डोंबिवलीची एमआयडीसी. तिथे लहान लहान शेडमध्ये नट-बोल्ट, रंग, रसायनं, खोके तयार होत. भिवंडीत यंत्रमागावर कापडाचे तागे निघत. उल्हासनगरात फर्निचर. हा माल ट्रक भरेल इतका नसे आणि हातगाडीवर मावेल इतका थोडा नसे. त्याच वेळी मुंबई-ठाण्यातली चाकरमानी माणसं स्वस्त जागेसाठी डोंबिवली-कल्याणकडे सरकत होती. त्यांचं बिऱ्हाडही अगदी याच मापाचं. या सगळ्यांना एकदमच एक गाडी मिळाली, आणि गाडीच्या अंगावरच तिचं नाव लिहिलेलं होतं. आणखी कुठे शोधायचं?

डालडा, झेरॉक्स, जीप या शब्दांचंही असंच झालं म्हणतात. पण फरक आहे. ते कुणा कंपनीचे, हे निदान काहींना ठाऊक असतं. टेम्पोची जात कुणी विचारलीच नाही.

उत्तरेत याच शब्दाचं वेगळंच लग्न लागलं. लखनौ, पाटण्यात टेम्पो म्हणजे माणसं वाहणारी तीनचाकी, दाटीवाटीने बसायची. काठमांडूत विजेवर चालणाऱ्या तीनचाकीला 'सफा टेम्पो' म्हणतात. पाटण्याचा माणूस टेम्पोत बसून कामाला जातो. आपल्याकडे टेम्पो मागवला म्हटलं की काहीतरी हलणार असतं. घर, दुकान, गणपती, लग्नाचं रुखवत.

गाडीचं नाक मात्र पुढे नाहीसं झालं. बजाज टेम्पोचीच मॅटाडोर आली, चार चाकांची, सपाट तोंडाची. ड्रायव्हर इंजिनाच्या मागे नाही, शेजारी. जगभर बिननाकाच्या गाड्या या हिशेबातून आल्या, की गाडीची एकूण लांबी ठरलेली असेल तर नाक कापा आणि तेवढा माल जास्त भरा. अमेरिकेत ट्रकच्या लांबीवर कायद्याचं बंधन होतं तोवर तिथेही सपाट तोंडाचे ट्रक जोरात होते. 1982 साली मोठ्या महामार्गांवरचं ते बंधन सैल झालं आणि अमेरिकन ट्रकला पुन्हा लांब नाक फुटलं. युरोपात बंधन राहिलं, म्हणून तिथे तोंड सपाटच राहिलं. अमेरिकन विलिसच्या सपाट तोंडाच्या जीपचं बीज घेऊन महिंद्रने एफसी काढली, तीही आपल्या रस्त्यांवर धावली. आपल्याकडे लांबी मोजायला कायदा कशाला हवा? डोंबिवलीच्या फडके रोडवर संध्याकाळी सहाला गाडी घालून बघावी.

नाक गेल्यामुळे एक नवी जागा जन्माला आली, ती म्हणजे गाडीच्या आतला बॉनेट. इंजिन ड्रायव्हर आणि शेजारचा माणूस यांच्या मध्ये, त्यावर उंच झाकण, झाकणावर चटईचा किंवा रेक्झीनचा तुकडा. ही ठाणे जिल्ह्यातल्या दोन पिढ्यांची राखीव जागा. वऱ्हाडातली पोरं, क्रिकेटच्या संघातला बारावा गडी, गणपती आणायला गेलेल्या मंडळाचा खजिनदार, सगळे बॉनेटवर. पावसाळ्यात तिथे बसायला भांडणं, मे महिन्यात कुणी तयार नाही. मॅटाडोर हा स्पॅनिश शब्द, अर्थ बैलाला लोळवणारा. बैलगाडीचं काम काढून घेणाऱ्या गाडीला याहून नेमकं नाव जर्मनांना मुद्दाम शोधूनही मिळालं नसतं. मॅटाडोर हाही काही वर्षं सामान्य शब्द झाला होता. गाडी गेल्यावर तो मात्र विरला. टेम्पो टिकला.

आणि टेम्पो टिकला तो बापाने नाव टाकल्यावरही. जर्मनीत व्हिडालांची कंपनी साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पूर्णपणे हानोमागकडे गेली, पुढे तो सगळा पसारा डाइम्लर-बेंझच्या पोटात गेला आणि टेम्पो हे नाव गाड्यांवरून पुसलं गेलं. इकडे बजाज टेम्पोनेही 2005 साली नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. म्हणजे दोन्ही देशांत टेम्पो नावाची कंपनी उरली नाही. त्याच 2005 मध्ये टाटांची एस आली. तिला लोकांनी लाडाने छोटा हत्ती म्हटलं. हिशेबाच्या वहीत मात्र ती टेम्पोच. पुढे कुणाचीही, कुठल्याही रंगाची छोटी मालगाडी आली तरी ती टेम्पोच. बारा-पंधरा माणसांच्या प्रवासी गाडीला, मग ती कुणीही बनवलेली असो, आपण टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतो.

डोंबिवलीत 1999 साली गणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली. ती प्रथा नंतर ठाणे, गिरगाव असं करत राज्यभर गेली. त्या यात्रेतल्या चित्ररथांची झालर जरा वर उचलून बघा. शिवरायांचा दरबार असो की पर्यावरणाचा देखावा, खाली चाकं बहुधा टेम्पोची. रथ हा शब्द पत्रिकेत, कार्यकर्त्यांच्या फोनवर मात्र "आपला टेम्पो कुठे लागलाय रे?"

गेल्या वर्षी मुलीने नव्या जागेत सामान हलवलं. गाडी मोबाइलवरून मागवली, आणि तिच्या बोलण्यात टेम्पो नव्हता, त्या ॲपचंच नाव होतं. मी मनात म्हटलं, चला, शब्द बदलला. तासाभराने तिचा फोन वाजला. पलीकडून ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, टेम्पो गेटवर लावलाय." खाली गेलो तर वॉचमनच्या वहीत वाहनाचा प्रकार या रकान्यात 'टेम्पो' लिहून झालं होतं.

तीनचाकी हॅन्सीट मी शेवटची कधी पाहिली ते आठवत नाही. भिवंडी, मुरबाड, शहापूरकडे एखाद्या गोठ्यामागे, भाताच्या पेंढ्याखाली एखादी अजून उभी असेल. आपल्या माहितीत असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी चारी बाजूंनी तिचे फोटो काढून ठेवा, आणि चोचीवरचं नाव दिसत नसेल तर तेवढी जागा ओल्या फडक्याने पुसून घ्या.