पापडाने शिकवलेली शिस्त

मी सातवी शिकलेली गृहिणी. इतिहास लिहिणे माझे काम नव्हे. पण गेल्या वैशाखात आपल्या मंडळाचे उडदाचे पापड अवकाळी पावसात भिजले, तेव्हा मला गिरगावच्या भगिनी आठवल्या.

१५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. पहिल्याच वर्षी पावसाने चार महिने काम बंद पाडले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह घेतला; वर पापड, खाली स्टोव्ह! पावसातही काम चालले. आरंभी त्या स्वस्त, हलका मालही काढीत. छगनबापा पारेख यांनी एकच उत्तम प्रत राखायला व हिशेब चोख ठेवायला सांगितले. तीच आजची ‘लिज्जत’. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली.

हे त्यांना कोणत्या शाळेने शिकवले? कामानेच. भगिनींनो, यंदा पीठ भिजवण्याआधी आपण वाळवणाची जागा, पाळ्या आणि हिशेबाची वही ठरवू या. वही मी सांभाळीन.