सरहद्दीवरील ठाणी : पेडणे व डिचोलीचा संघर्ष (१६६७ ते १७८८)

प्रास्ताविक

तालूत आणि जालूत यांचा प्रसंग वाचकांना परिचित आहे. जुन्या करारात तालूतला शौल म्हटले आहे आणि त्याचे शत्रू पलिष्टी आहेत. गाझा, अश्कलोन, अश्दोद, एक्रोन व गथ ही पलिष्ट्यांची पाच नगरे किनारपट्टीत व तिच्या लगतच्या सखल भागात होती. पण त्यांची ठाणी गिबा व मिखमाश या डोंगराळ भागातही होती. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एक बोलका तपशील येतो : इस्राएली मुलखात लोहार राहू दिला नव्हता, त्यामुळे नांगराच्या फाळाला धार लावण्यासाठीही शेतकऱ्याला पलिष्ट्यांकडे जावे लागे. म्हणजे ठाणे केवळ लढाईसाठी नसते. वाट, व्यापार आणि लोकांचे रोजचे व्यवहार ताब्यात ठेवणे हे त्याचे खरे काम असते. या दृष्टीने पेडणे व डिचोली या दोन महालांचा इतिहास तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नदी हीच सरहद्द

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे शहर घेतले. १५४३ मध्ये बार्देश व साष्टी त्यांच्याकडे आले. पुढील सुमारे सव्वादोनशे वर्षे त्यांची सत्ता मुख्यतः या जुन्या काबिजादीपुरती राहिली. उत्तरेला शापोरा नदी ही सरहद्द होती. नदीपलीकडे पेडणे आणि पूर्वेला डिचोली. हे महाल प्रथम आदिलशाहीत, नंतर मराठ्यांकडे आणि पुढे सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते.

त्यामुळे एकाच नदीच्या दोन्ही काठांवर ठाणी उभी राहिली. दक्षिणेला नदीच्या मुखावर शापोरा व आत कोलवाळ हे किल्ले, त्यांच्या जोडीला थिवीची तटबंदी आणि खंदक. उत्तर काठावर पेडण्यात हळर्णचा किल्ला. तेरेखोल नदीच्या मुखावर भोसल्यांनी बांधलेला तेरेखोल. जुन्या काबिजादीत पिकणारे धान्य गोवे शहराला पुरत नसे, आणि घाटावरचा माल डिचोलीच्या बाजूने मांडवीकडे उतरत असे. म्हणून ज्याच्या हाती नदीचा उतार व घाटाची वाट, त्याच्या हाती जकात आणि शहराचा पुरवठा असे समीकरण होते.

१६६७ आणि १६८३

या सरहद्दीचा उपयोग सर्वांत आधी ओळखला तो स्थानिक देसायांनी. शिवाजी महाराजांचा अंमल या भागात आल्यावर कुडाळचे लखम सावंत व इतर काही देसाई पोर्तुगीज हद्दीत आश्रयास गेले आणि तेथून मराठी मुलखात उपद्रव करू लागले. नोव्हेंबर १६६७ मधील बार्देशवरील स्वारीचे हे एक प्रमुख कारण होते. पुढच्याच वर्षी, १६६८ मध्ये, डिचोली महालातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार महाराजांच्या आज्ञेने सुरू झाला.

औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. १६८३ मध्ये तो डिचोलीत होता. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी फोंड्यावर चाल केली. ती फसली आणि डिसेंबरात मराठी फौजा बार्देश व साष्टीत शिरल्या. पुढच्या तहाच्या बोलण्यात अकबराने मध्यस्थी केली. डिचोलीचा नमाजगाह त्याच्या या वास्तव्याशी जोडला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हिंदू देसाई ख्रिस्ती सत्तेच्या आश्रयाला होते आणि मोगल शहजादा मराठा छत्रपतींच्या आश्रयाला. धर्म या काळात प्रभावी नव्हता असे नाही. पण या दोन्ही प्रसंगी कोण कोणाच्या बाजूला, हे केवळ धर्माने ठरले नाही.

१७३९ ते १७८८

१७३९ मध्ये मराठे साष्टीत उतरले असताना भोसल्यांनी शापोरा नदी ओलांडून बार्देश व्यापला. उत्तर काठावरून होणारा हल्ला रोखण्यासाठी बांधलेली तटबंदी त्या वेळी उपयोगी पडली नाही. १७४१ मध्ये नवी कुमक आल्यावर बार्देश पोर्तुगीजांना परत मिळाला. त्यानंतर त्यांनी धोरण बदलले : बचाव नदीच्या अलीकडून न करता पलीकडून करायचा. मे १७४६ मध्ये हळर्ण आणि नोव्हेंबरात तेरेखोल पडला. मोहिमेचा प्रमुख असलेल्या व्हाइसरॉयला पुढे ‘मार्क्विस ऑफ आलोर्ना’ हा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे हळर्णच.

हळर्ण पुन्हा भोसल्यांकडे गेला, तरी दिशा ठरली होती. कोल्हापूरकरांशी चाललेल्या वैरात भोसले दुबळे झाले. १७८१-८२ मध्ये डिचोली व सत्तरी पोर्तुगीजांनी घेतली आणि १७८८ च्या तहाने पेडणे कायमचे त्यांच्याकडे गेले. नव्या काबिजादीत लोकांचे धर्म व रीतिरिवाज यांत हात न घालण्याचे धोरण स्वीकारावे लागले. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादीत अनुसरलेल्या धोरणाहून ते अगदी वेगळे होते.

निष्कर्ष

सरहद्द पुढे सरकली की ठाण्याचे काम बदलते. नदीकाठचे कोलवाळ व थिवी निरुपयोगी झाले. नव्या काबिजादीतील ठाण्यांचा रोख परक्या फौजेऐवजी आपल्याच रयतेकडे वळला. म्हणूनच १८५२ मध्ये दीपाजी राणे यांचे बंड सत्तरीतील नाणूसचा किल्ला घेऊन सुरू झाले, आणि १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिरंगा फडकविण्यासाठी तेरेखोल निवडला.

पलिष्ट्यांची हकीकत आपल्याला बहुतांशी त्यांच्या शत्रूंच्या ग्रंथांतून कळते. पेडणे-डिचोलीच्या ठाण्यांविषयीही विजेत्यांची दप्तरे अधिक बोलतात. शिबंदीतला शिपाई, होडीवाला तारी, जकात भरणारा बैलवाला यांची नावे त्यांत क्वचितच सापडतात. महाविद्यालयीन अध्यापकांनी हा विषय शिकवताना तहांच्या तारखांबरोबर नकाशावर नद्या आणि उतार दाखवावेत आणि ठाणे कोणाची वाट अडवत होते हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. तसे केले तर आपल्या तालुक्यातील जुनी वैरे केवळ दोन धर्मांतील वैरे म्हणून शिकवण्याची सवय सुटू शकेल.