गाव उठलं : प्लेगचं छप्पर आणि आपल्या घराची तयारी

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा एसटीत बसल्यावर कळलं की हेडफोन घरीच राहिला, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोललो तेच आहे, फक्त थोडं आवरून.

24 मार्च 2020 ची रात्र आठवा. आठ वाजता टीव्हीवर लॉकडाऊनची घोषणा झाली. आमच्या घरात आई लगेच डबे उघडून साखर-चहापत्ती बघायला लागली, वडील एटीएमकडे पळायच्या बेतात होते आणि मी व्हॉट्सअॅपवर. आजी शांतपणे जपमाळ ओढत बसली होती. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "मग गाव कधी उठायचं? रानात छप्पर घालायला नगं का?"

आम्ही हसलो. मी तर म्हणालो, आजी, उलटं आहे, घरातच बसायचंय. ती म्हणाली, "घरात बसून मरत्यात रं माणसं."

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. आजीनं स्वतः गाव उठलेलं बघितलं नव्हतं, तिची सासू सांगायची. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची साथीची तयारी आमच्या घरात तोंडी जपलेली होती आणि आम्ही ती हसण्यावारी नेली. म्हणून हा भाग सातारा आणि सांगलीवर. दोन्ही एकत्र का घेतले, तर आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. 1949 मध्ये 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं. पण उंदराला इंग्रजांची हद्द आणि संस्थानाची हद्द यातला फरक कुठून कळणार?

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. पुढच्या काही महिन्यांत मुंबईतून लाखो माणसं बाहेर पडली. बरीचशी आपापल्या गावाकडे, म्हणजे कोकणात आणि घाटावर. पुण्याहून सातारा रोड, कराड, मिरज करत बेळगावकडे जाणारी रेल्वे तोवर सुरू झालेली होती. माणसं आली, धान्याची पोती आली, पोत्यांतून उंदीर आले, उंदरांच्या अंगावरून पिसवा आल्या. 1897 पासून सातारा जिल्ह्यातही प्लेग पसरला आणि पुढची कित्येक वर्षं तो येत-जात राहिला. साधारण पावसाळा संपत आला की सुरू व्हायचा, थंडीत जोर धरायचा आणि कडक उन्हाळ्यात ओसरायचा. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. जांघेत किंवा काखेत गाठ, मग ताप, आणि पुष्कळदा आठवड्याच्या आत शेवट.

आता आजीच्या सासूचा नियम ऐका. घरात उंदीर मरून पडला की त्या घरात झोपायचं नाही. दोन-चार घरांत पडले की अख्खं गाव उठायचं. गाव उठणं म्हणजे सगळी वस्ती वेस ओलांडून माळावर नाहीतर रानात राहायला जाणं. कुडाच्या भिंती, वर पाचट नाहीतर कडबा. आजी सांगते की आधी वाकळा, घोंगडी उन्हात टाकायची, मग गाडीत धान्य, भांडी आणि जातं. जातं का? कारण ज्वारी बरोबर आहे आणि दळता येत नाही, तर करायचं काय? दागिने न्यायचे नाहीत, पुरायचे. ओस गावात चोर फिरायचे, त्यामुळे आळीपाळीनं गडी राखणीला जायचे, पण मुक्कामाला गावात थांबायचे नाहीत.

हे सगळं किती बरोबर होतं बघा. प्लेगचा जंतू उंदरात वाढतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा भुकेल्या होतात आणि मिळेल त्या अंगावर चढतात. मेलेला उंदीर हा धोक्याचा भोंगा आहे, आणि तो वाजल्यावर घर सोडणं हाच सगळ्यात चांगला उपाय. पिसवांची ही साखळी पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवली. तरी पुष्कळ तज्ज्ञांनी ती लगेच मानली नाही. शिक्कामोर्तब व्हायला 1905 नंतरचं प्लेग कमिशनचं काम यावं लागलं. तोवर सरकारचा भर कशावर होता? रेल्वे स्टेशनवर प्रवाशांची तपासणी, घरात घुसून रोगी शोधणं, सामान जाळणं, कौलं काढून घरात ऊन पाडणं. 4 फेब्रुवारी 1897 चा साथरोग कायदा त्यासाठीच झाला. पुण्यात त्याची अंमलबजावणी कशी झाली आणि 22 जून 1897 ला रँडवर गोळ्या का झाडल्या गेल्या, हे शाळेत वाचलेलंच आहे. गंमत अशी की 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात लागू केलेला कायदा हाच. आजीच्या सासूच्या आधीचा.

टोचून घ्यायचा उपायही आला होता. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 ला मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पण टोचल्यावर ताप यायचा, अफवा पसरायच्या आणि लोक लपून बसायचे. लसीच्या अफवा आपल्याला नव्या नाहीत, हे सांगून पुढे जातो.

इथे एक माणूस आठवल्याशिवाय राहवत नाही. सावित्रीबाई फुले. जन्म नायगावचा, खंडाळा तालुक्यातला, म्हणजे आपल्या साताऱ्याच्याच. पुण्यात प्लेग आला तेव्हा त्यांनी आणि डॉक्टर असलेल्या यशवंतनं दवाखाना काढला तो पेठेत नाही, तर शहराबाहेर हडपसरकडे ससाणे मळ्यात. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन तिथवर आणलं असं सांगतात. 10 मार्च 1897 ला त्या प्लेगनंच गेल्या. गाव उठलं तरी रोग्याला उचलून नेणारं कुणीतरी लागतंच, आणि त्या कुणीतरीचं काय होतं तेही इथे दिसतं.

देवराष्ट्रे या गावात, आजच्या सांगली जिल्ह्यात, यशवंतराव चव्हाण जन्मले. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ. यशवंतराव अगदी लहान असताना वडील प्लेगनं गेले. आई विठाबाईंनी पोरं वाढवली. महाराष्ट्राच्या पहिल्या मुख्यमंत्र्याच्या घरातलं साथीचं रेकॉर्ड एवढंच आहे, एक कमावता माणूस कमी. त्या काळातली आपल्याकडची घरं धुंडाळली तर अशी रिकामी जागा पुष्कळ वंशावळींत सापडेल.

आता आजीचा नियम जिथे चालला नाही तिथे येऊ. 1918. मुंबईत जूनमध्ये ताप सुरू झाला, थोडा ओसरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुप्पट ताकदीनं परत आला. लोकांनी त्याला मानमोडी म्हटलं, आज आपण स्पॅनिश फ्लू म्हणतो. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, तीही मुख्यतः काही आठवड्यांत. त्यात त्याच वर्षी पावसानं दगा दिला. माण, खटाव, आटपाडी, जत हा पट्टा एरवीही पावसाची वाट बघणारा, त्या साली धान्य महाग, वैरण नाही, आणि घरात सगळेच आडवे.

या वेळी उंदीर पडला नाही, भोंगा वाजलाच नाही. मानमोडी श्वासातून येत होती. रानात गेलात आणि एका छपरात दहा जण झोपलात, तर दहाही जण आजारी. प्लेगसाठी वीस वर्षं कमावलेलं शहाणपण मानमोडीला लागू पडेना. आणखी एक गोष्ट. हा ताप म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्यांना जास्त घेऊन गेला, आणि भारतात पुरुषांपेक्षा बायका जास्त मेल्या. कारणं अनेक सांगतात, पण एक कारण कुठल्याही घरात डोकावलं तर समजतं. सगळे आजारी पडले तरी पाणी कुणी आणायचं, पेज कुणी करायची, पोराला कुणी घ्यायचं? जी करत होती तीच शेवटी स्वतःचा ताप अंगावर काढत होती. तिचं कोण करणार, हे कुणी ठरवलेलंच नव्हतं.

घराची तयारी म्हटलं की आपण डाळ-तांदूळ मोजायला लागतो. माझ्या मते पहिला प्रश्न डाळीचा नाहीच. साथ कुठल्या वाटेनं येतेय, हा पहिला. पिसवा असतील तर घर सोडा. श्वास असेल तर घरातच अंतर ठेवा, खिडक्या उघडा. पाणी असेल, म्हणजे जुन्या भाषेत पटकी, तर पाणी उकळा. आणि दुसरा प्रश्न, करणारी व्यक्ती पडली तर तिच्या जागी कोण.

2020 ला परत येतो. मार्चअखेर इस्लामपूर राज्यभर गाजलं. परदेशातून परतलेल्या चार जणांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले आणि काही दिवसांत आकडा वीसच्या वर गेला. मग त्यांची बरी होऊन येण्याची बातमी आली, पण आधी त्यांच्या नावानं जे फॉरवर्ड फिरले ते मी अजून विसरलो नाही. माझ्याही फोनवरून एक गेला होता. मुंबई-पुण्याहून माणसं गावाकडे निघाली, अगदी 1896 सारखी, आणि गावांनी रस्त्यावर काट्या टाकल्या. आलेल्यांना झेडपीच्या शाळेत चौदा दिवस. ज्यांचं रान होतं त्यांनी पोराला शाळेत न पाठवता रानातल्या शेडमध्ये ठेवलं, डबा बांधावर ठेवून मागे फिरायचं. आजी म्हणाली, "बघ, उठलंच की गाव."

एका अर्थानं ती बरोबर होती. वेगळी खोली नसेल तर रानातली वेगळी शेड चांगलीच. पण मग मी तिला विचारलं की तुमच्या काळी ज्यांचं रान नव्हतं ते कुठे जायचे? आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, गायरानात. पाणी? ते लांबून. आमच्या विहिरीवर त्यांना भरू द्यायचे का? ती म्हणाली, "तवाचं तवा." यापुढे ती बोलली नाही.

त्याच एप्रिलमध्ये सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कारखान्यांवर ऊसतोड मजूर अडकून पडले होते. बरेचसे बीड, नगरकडचे. हंगाम संपत आलेला, गावी जायचं तर जिल्ह्याच्या सीमा बंद. ते राहत होते कोपीत. बांबू, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. म्हणजे जवळजवळ तेच छप्पर, जे आजीच्या सासूसाठी सुटका होतं. फरक एवढाच की तिची विहीर शेजारी होती, ज्वारी स्वतःची होती आणि साथ ओसरल्यावर परत जायला घर तासाच्या अंतरावर. कोपीतल्या बाईला पाण्याचा टँकर कधी येईल ते माहीत नव्हतं. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारनं त्यांना तपासणी करून गावी सोडायची परवानगी दिली. तोवर 'घरी राहा, सुरक्षित राहा' हा मेसेज त्यांच्याही फोनवर येत असणारच.

दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, राज्य सरकारनं 18 जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करायचं ठरवलं. सातारा आणि सांगली दोन्ही त्यात होते. घरी राहून अख्खं घर बाधित होतंय, म्हणून रोग्याला कोविड सेंटरमध्ये हलवा. दोन खोल्या, एक संडास, सात माणसं. अशा घरात 'वेगळं राहा' हे कसं करायचं? आजीचं ते वाक्य, घरात बसून मरत्यात माणसं, मला तेव्हा नीट ऐकू आलं.

आमच्या घरात आता काय आहे ते विचारताय म्हणून सांगतो, दोन-तीन जणांनी मागच्या भागाखाली विचारलंय. पंधरा दिवसांचं धान्य आणि आजीच्या बीपीच्या गोळ्या महिन्याभराच्या, हे आईचं खातं. थर्मामीटर, ऑक्सिमीटर, ओआरएस आणि मास्क एका डब्यात. ऑक्सिमीटरचे सेल मी बाहेर काढून ठेवतो, आत राहिले की गळतात. थोडी रोख. महत्त्वाचे नंबर फोनमध्ये आणि कॅलेंडरच्या मागेही. रानातल्या शेडला दार आणि बाजूला संडास, हे वडिलांनी गेल्या वर्षी केलं, खरं तर मजुरांसाठी. आणि आई आजारी पडली तर स्वयंपाक मी आणि वडील करणार असं ठरलंय. हे लिहायला सोपं वाटतं. रविवारी एकदा करून बघितलं. भाकरी जमली नाही, खिचडी जमली.

शेडवर मात्र आमचं भांडण चालू आहे. पुन्हा साथ आली आणि आमच्याकडे ऊस तोडायला आलेल्या टोळीतलं कुणी आजारी पडलं, तर शेड त्यांना द्यायची की घरच्या रोग्यासाठी राखून ठेवायची? वडील म्हणतात, तेव्हाचं तेव्हा बघू. मी म्हणालो, आजीही असंच म्हणाली होती. विषय तिथेच थांबलाय.

तुमच्या घरात कुणाला गाव उठल्याची गोष्ट आठवत असेल, ऐकीव का असेना, तर फोन समोर ठेवा, रेकॉर्ड करा आणि व्हॉइस नोट पाठवा. कुठल्या माळावर गेले होते, पाणी कुठून आणायचे, आणि बरोबर कोण नव्हतं, एवढं नक्की विचारा. पुढच्या भागात त्याच ऐकू.