मुखरोगाचीं सुटीं पानें : दंतविद्रधि व हनुसंधि

जुन्या दप्तरांत वैद्यकाचीं सुटीं पानें निघालीं म्हणजे ‘किरकोळ औषधें’ एवढा शेरा मारून तीं बाजूस ठेवण्याचा मोह होतो. उमरी (जि. नांदेड) व आसपासच्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, त्यांत मुखरोगाचें पान असल्यास तें नीट वाचावें. पान कोणत्या परंपरेचें, हें त्यांतील निदानावरून पुष्कळसें ठरतें.

सुश्रुतानें मुखरोग ६५ सांगितले, वाग्भटानें ७५. संख्येहून महत्त्वाचा भेद जबड्याच्या सांध्याविषयीं आहे. सुश्रुत ‘हनुमोक्ष’ आठ दंतरोगांत मोजतो. वाग्भटाच्या दहा दंतरोगांत तो नाहीं. वाग्भट ‘हनुस्रंस’ वातव्याधींत घालतो. जीभ फार खरवडणें, कोरडें खाणें व आघात हीं त्याचीं कारणें. तोंड उघडेंच राहतें किंवा मिटलेलेंच. ‘दंतविद्रधि’ मात्र तो दंतमूलाच्या रोगांत सांगतो : आंतबाहेर जड सूज, ठणका, दाह आणि फुटल्यावर पू व रक्त. सुश्रुताच्या पंधरा दंतमूलरोगांत हें नांव नाहीं. तेथें पांच दंतनाड्या आहेत, आणि उपेक्षा केल्यास नाडी जबड्याचें हाड भेदते असा इशारा आहे.

हा भेद केवळ नांवांचा नव्हे. दाढेच्या मुळाशीं पू धरला तरी तोंड उघडेनासें होतें, व सांधा आखडला तरीही. उघड्या राहिलेल्या जबड्यास शेक देऊन आंगठ्यांनीं दाबावें व तर्जनींनीं हनुवटी उचलावी, असें चरक सांगतो. हल्लींचे दंतवैद्यही आंगठे खालच्या दाढांवर ठेवून निखळलेला सांधा बसवितात. पुवास मात्र वाट द्यावी लागते. तो जिभेखालीं व गळ्याकडे पसरल्यास श्वास कोंडून रोगी दगावतो. नक्कलकारानें येथें एक ओळ गाळली तर ती चूक कागदापुरती राहत नसे.

देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिली. निर्णयसागराच्या १९३९ च्या आवृत्तींत ती कांहीं भागांपुरतीच छापली आहे. मुखरोग ज्यांत येतात त्या उत्तरस्थानास तेथें अरुणदत्ताचीच टीका आहे. म्हणून उत्तरस्थानाच्या २१ व्या वा २२ व्या अध्यायाचें सटीक पान हातीं आल्यास तें अरुणदत्ताशीं अक्षरशः ताडावें. न जुळल्यास त्याचें मोल फार मोठें. एकाच खुणेवर भिस्त मात्र ठेवूं नये. उत्तरकालीन संग्रहग्रंथांत दोन्ही परंपरांचे श्लोक मिसळलेले असतात. पानाचें मोजमाप, ओळींची संख्या, लेखकाचें नांव व शक टिपून ठेवावा, आणि तोंवर एकही पान रद्दींत जाऊं देऊं नये.